जुन्या वाड्याचं दार घरात लावताय? दराआधी रंग पाहा

वाडा किंवा चाळ पाडली की विटा-माती भरावात जाते, पण सागवानी तुळया, खांब आणि दारं-चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत पोहोचतात. गावचं कौलारू घर किंवा पडीक गोदाम राहण्याजोगं करणारी मंडळी ती तिथून उचलतात. मुंबईतला मटन स्ट्रीटवरचा चोरबाजार, जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट आणि पुण्याचा जुना बाजार ही अशा खरेदीची ओळखीची ठिकाणं.

जुन्या सागाला एवढी मागणी का?

जुन्या इमारतींत बरेचदा मोठ्या वयाच्या झाडांचं लाकूड वापरलेलं असतं. त्यात गाभ्याचा भाग जास्त असतो आणि गाभ्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. लागवडीचा साग लवकर तोडला, तर त्यात सालीलगतचं फिकट लाकूड जास्त येतं आणि कीड तिथेच आधी शिरते. म्यानमारने 2014 मध्ये सागाच्या ओंडक्यांची निर्यात थांबवली. तेव्हापासूनच नव्हे, त्याआधीपासून विक्रेते प्रत्येक जुन्या फळीला ‘बर्मा टीक’ म्हणत आलेत! आपल्याकडच्या जंगलांतला सागही इथल्या घरांत वापरला जाई आणि नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक सांगणं अवघड. त्यामुळे पैसे नावाचे नाही, लाकडाच्या अवस्थेचे मोजावेत.

घेताना काय पाहायचं?

बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर आत कीड जिवंत असू शकते. टोकं ठोकून पाहा. भिंतीत गाडलेला भाग आधी कुजतो आणि पोकळ वाजतो. लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर सुताराच्या रंध्याचं पातं जातं आणि तो खर्च तुमच्याच बिलात येतो.

लाकूड घनफुटावर विकलं जातं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करायचा आणि 144 ने भागायचं. 8 फुटी, 6 बाय 6 इंची तुळई म्हणजे 2 घनफूट. मोजमाप स्वतः करा. अशी एक तुळई साधारण 35 किलोंच्या पुढे भरते, त्यामुळे टेम्पो आणि हमालीही आधीच धरा.

सगळ्यात दुर्लक्षित धोका: शिसं

निळं-हिरवं, पापुद्रे सुटलेलं दार फोटोत झकास दिसतं. पण भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. असं दार मशीनने कोरडं घासलं की शिशाची धूळ घरभर पसरते. लहान मुलं ती हातांतून तोंडात घालतात आणि शिसं त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. गर्भवतींनाही त्याचा धोका असतो.

म्हणून रंग काढण्याचं काम घराबाहेर करून घ्या. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा आणि सुताराला चांगला मास्क द्या. साधा रुमाल चालत नाही. खरवड झाडू नका, ओल्या फडक्याने गोळा करा. बाळाच्या खोलीसाठी किंवा पाळण्यासाठी मात्र जुनं रंगीत लाकूड नकोच.

आणि माप?

वाड्यातली दारं बरेचदा बुटकी असतात. भिंत फोडण्याआधी दार विकत घ्या आणि चौकटीसकट घ्या. दार हाताशी असलं की गवंडी त्याच मापाचं भगदाड ठेवतो.