चांदमारी ते नेमबाजी



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले आणि आमच्या जिल्ह्यात घरोघर एक नवा प्रश्न आला, "पोराला शूटिंगला घालायचं का?" स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, एका शिक्षकाचा मुलगा. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवले, त्यानंतर ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक महाराष्ट्रात यायला ७२ वर्षे लागली. त्यामुळे कौतुक तर होणारच!

इथे जयसिंगपुरातही ओळखीचे पालक विचारतात, रायफल केवढ्याला पडते, शिकवणी कुठे आहे. रेंजवर वागायचे कसे, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज त्या नियमांविषयी, आणि ते आले कुठून याविषयी.

आपल्याकडे रेंजला जुना शब्द चांदमारी. चांद म्हणजे गोल निशाण. इंग्रजी अमदानीत पलटणीचा तळ असे तिथे गावाबाहेर अशी जागा असायची, पलीकडे मातीचा उंच बांध. गोळीबार चालू असला की तांबडे निशाण चढवायचे. ते दिसले की गुराख्यानेही तिकडे फिरकायचे नाही. रेंजचा सगळ्यात जुना नियम हाच, की गोळी सुटताना पुढे माणूस नको आणि माणूस पुढे असताना बंदुकीला हात नको.

पण त्या काळी बंदूक होती कुणाच्या हातात? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनांना त्यातून सूट! काँग्रेसने आपल्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध पुन्हा पुन्हा तक्रार मांडली. शिकारीची हौस राहिली ती संस्थानिकांना. आमच्या शाहू महाराजांची शिकार प्रसिद्धच आहे, आणि दाजीपूरचे जंगल हे त्यांचे शिकारीचे रान. १९५८ साली त्याचे अभयारण्य झाले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवसच संपवले, आणि त्याच राधानगरी तालुक्यातला मुलगा कागदाच्या चांदावर नेम धरून पॅरिसला पोचला. इतिहास कधीकधी असा गमतीने वळतो.

स्वातंत्र्यानंतर सामान्य माणसाला नेमबाजी शिकता यावी म्हणून १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार होता लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, कर्मभूमी अहमदाबाद. सभागृहात शिस्त राखणाऱ्या माणसाने बंदुकीचा खेळ हाती घ्यावा, हे मला फार बोलके वाटते. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा आजही नव्या नेमबाजांची पहिली मोठी पायरी आहे. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला. परवान्याला आज वय २१ लागते. मात्र रेंजवर सरावासाठी लहान मुलांना देखरेखीखाली मुभा आहे.

चीनच्या युद्धानंतर काही वर्षे कॉलेजात एनसीसी सक्तीची होती. आमच्या पिढीने पालथे पडून पॉइंट टू-टू रायफल झाडली ती त्या दिवसांत. हुकूम होईपर्यंत उस्ताद घोड्याला बोट लावू देत नसत.

आता नियम. पाहुणा म्हणून गेलात तरी हे पाळायचेच.

कुठलीही बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. "रिकामीच आहे" हे वाक्य रेंजवर चालत नाही. नळीचे तोंड सदैव निशाणाकडे, बोलताना, वळताना, हसतानासुद्धा. नेम धरेपर्यंत बोट घोड्याबाहेर. बंदूक खाली ठेवताना छर्रा काढून कक्ष उघडा ठेवायचा आणि त्यात रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, म्हणजे लांबूनही कळते की ती रिकामी आहे. "स्टॉप" म्हटले की थांबायचे, मग तो हुकूम कुणी का दिला याची चर्चा नंतर. दुसऱ्याच्या बंदुकीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. प्रेक्षकाने रेषेच्या मागे शांत बसावे, मोबाइल बंद ठेवावा, फ्लॅश मारू नये. दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे एका शिंकेनेसुद्धा बिघडते.

आणखी एक शिष्टाचार म्हणजे आपलेच निशाण ओळखणे. २००४ साली अथेन्सला अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स याच थ्री पोझिशन प्रकारात आघाडीवर होता. शेवटची गोळी त्याने शेजाऱ्याच्या निशाणावर मारली. गुण शून्य. सुवर्ण हातात आल्यात जमा होते, तो आठवा आला! त्याला कुणी ओळख दाखवून दोन गुण दिले नाहीत.

मला या नियमांत आवडते ते हेच. १८७८ चा कायदाही संशयावर उभा होता, पण माणसाची जात आणि वर्ण पाहून. रेंज संशय घेते ती बंदुकीचा, आणि तोही सगळ्यांच्या बाबतीत सारखा. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत असो, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेली राही सरनोबत असो, की काल नाव घातलेला पोरगा, कक्ष उघडा ठेवण्यातून सूट कुणालाच नाही.

हे सांगायचे कारण असे, की बंदुकीची दुसरी शाळाही आपल्या आजूबाजूला आहे. वरातीत आणि मिरवणुकीत हवेत बार काढणारी. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि ती कुणाच्या डोक्यावर पडेल ते बार काढणाऱ्याला ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला. कायदा झाला हे चांगलेच, पण रुबाब म्हणून बंदूक पाहिलेल्या पोराला कायद्याची आठवण बार काढल्यावर होते. रेंजवर शिकलेल्याचे बोट आपोआप बाहेर राहते.

म्हणून पालकांनो, मुलाला जरूर घाला. पण पहिल्या दिवशी किमतीची चौकशी करण्याआधी अर्धा तास मागे बसून बघा. शिक्षक मुलांना आधी नेम शिकवतात की बंदूक खाली ठेवायला? खाली ठेवायला शिकवत असतील तर बिनधास्त नाव घाला. नसतील तर दुसरी रेंज शोधा, कोल्हापूर आपल्याला काही लांब नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी एनसीसीत चांदमारी केली असेल तर आठवणी जरूर कळवा.