पनवेल आणि गाणी भरून देण्याचा धंदा
2000 नंतरच्या दशकात कॅसेटची सद्दी संपत आली, तेव्हा कोकणच्या वाटेवरील पनवेलसह महाराष्ट्रभर मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा रुजला आणि आगरी-कोळी लग्नगीतेही खिशात मावू लागली. स्वामित्वहक्काची चाड मात्र क्वचितच बाळगली गेली. भरलेली गाणी गायब झाली की खापर दुकानदारावर फुटे; परंतु दोष बहुधा घाईचा असे, कारण ‘फॅट’ पद्धतीत कोणती फाइल कार्डावर कुठे आहे याची नोंद एका तक्त्यात होते आणि ती पुरी होण्याआधी कार्ड उपसले, तर गाणे कार्डावर असूनही यादीत दिसत नाही. 2001 मध्ये आलेल्या आयपॉडची तऱ्हा निराळी होती: तो एकाच संगणकावरील संग्रहाशी बांधलेला असल्याने, दुसऱ्या संगणकाशी सिंक, म्हणजे जुळवणी, करताना पडद्यावरील प्रश्नाला होकार दिला की आधीची गाणी पुसली जात.