एका शिवणयंत्राची बखर

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या कसबा बावड्यात आली, ती पाहुणी म्हणून आली नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फुटांची. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर चढले. नदीच्या अंगाला माझ्या आत्याचे घर आहे. तिला वेळेवर बाहेर काढले, पण घर काढता येत नाही. पाणी उतरल्यावर आम्ही फावड्याने चिखल ओढू लागलो तेव्हा गाद्या गेल्या होत्या, धान्य कुजले होते आणि लाकडी कपाट फुगून उकलले होते. आपल्या जागेवर उभे होते ते एकटे शिवणाचे मशीन. अंगभर गाळ माखलेले, पण उभे.

गल्लीत भंगारवाले फिरतच होते. एकाने मशीन किलोवर मागितले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “मास्तर, जुनं शिंगर हाय, आत पारा असतोय म्हणं?” ही अफवा कुठवर पोहोचली होती म्हणता? 2009 साली सौदी अरेबियात ‘तांबडा पारा’ मिळेल या आशेने लोकांनी जुनी सिंगर यंत्रे वाटेल त्या किमतीला घेतली होती. पारा अर्थातच कुणालाही सापडला नाही.

आत्या ओसरीवरून ऐकत होती. ती म्हणाली, “त्येच्यावर माझी दोन पोरं शिकली. किलोवर न्हाई जायाचं.” मग माझ्याकडे वळून, “दिवाळीला मला त्येच्यावर एक टीप मारायची हाय. बघ काय जमतंय का.”

हे मशीन तिने घेतले तेव्हाच जुने होते. 72 च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी तिचा नवरा गेला. पदरात दोन मुले. एका म्हाताऱ्या शिंप्याने दृष्टी गेली म्हणून दुकान मोडायला काढले होते. त्याच्याकडून तिने महिना दहा रुपयांच्या हप्त्याने ते उचलले. माझ्या लहानपणच्या दिवाळीला जसा फटाक्यांचा आवाज आहे तसाच या मशीनचाही आहे. वसुबारसेपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चोळ्या, परकर, झबली, शाळेच्या चड्ड्या शिवल्या जात. स्वतःच्या मुलांचे कपडे तिने नरकचतुर्दशीच्या पहाटेआधी कधी शिवले नाहीत, गिऱ्हाईक आधी.

मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्राशी माझा संबंध सायकलची चेन बसवण्यापुरता. पण दिवाळीला अडीच महिने होते, आणि आत्याला ‘नाही’ म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

पहिला धडा असा मिळाला की घाई करू नये. चाक हलेना, म्हणून मी हातोडी उचलली होती. शेजारच्या फिटरने ती हातातून काढून घेतली. बिडाचे ओतीव लोखंड ठोकल्याने सुटत नाही, तडकते. त्याने सांगितले तसे मी डोके पाटावरून सोडवले, ओढ्यासारख्या स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, उन्हात वाळवले आणि प्रत्येक सांध्यात, तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेल सोडत राहिलो. सकाळी चार थेंब, रात्री चार थेंब. निघालेला प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर क्रमाने मांडून बाजूला आकडा लिहिला. गंमत अशी की गंज होता त्याहून चिकट पिवळी राळच अधिक निघाली. आत्याने मशीनचे तेल संपले की खोबरेल घातले होते. गोडे तेल वर्षानुवर्षे हवेत राहिले म्हणजे त्याचा डिंक होतो. पुराने केले ते आठ दिवसांत. खोबरेलाने तेच काम चाळीस वर्षे चालवले होते.

गाळ गेल्यावर पाटाच्या कडेला नंबर दिसू लागला. सुरुवातीला इंग्रजी ‘वाय’ अक्षर, पुढे आकडे. मुलाने मोबाईलवर शोधून सांगितले की हे अक्षर स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचे, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातले. तो कारखाना 1885 साली उघडला आणि 1980 साली बंद झाला. त्याच्या आवारासाठी बांधलेल्या रेल्वे स्टेशनाचे नाव आजही ‘सिंगर’ आहे. 1911 च्या मार्चमध्ये तिथे पॉलिशखात्यातल्या मूठभर बायकांवर कामाचा बोजा वाढवला, म्हणून त्यांनी काम थांबवले आणि हजारो कामगार त्यांच्यामागे बाहेर पडले. संप मोडला. आत्याच्या मशीनचा जन्म त्यानंतरच्या काळातला.

इथे माझी दुरुस्ती दोन दिवस थांबली. इतिहासाच्या मास्तराला साल सापडले की तो मागे मागे जातच राहतो.

शिवणयंत्राची कथा सुरू होते तीच मोडतोडीने. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने 1830 साली यंत्राचा हक्क नोंदवला आणि पॅरिसमध्ये अशी ऐंशी यंत्रे लावून सैनिकांचे गणवेश शिवायला घेतले. 1831 साली शहरातले शिंपी चाल करून आले आणि त्यांनी यंत्रांचा चुराडा केला. त्यांना खुळे म्हणणे सोपे आहे. हातातली सुई एवढेच ज्याचे वतन, त्याला ते यंत्र काय वाटले असेल? तिमोनिए 1857 साली दारिद्र्यातच वारला.

अमेरिकेत एलियस हाऊने 1846 साली दोन दोऱ्यांच्या अडकटाक्याच्या यंत्राचा हक्क घेतला. सुईचे नेढे टोकापाशी, आणि खालून दुसरा दोरा नेणारा धोटा. पाच शिवणाऱ्या मुलींशी पैज लावून तो जिंकला, पण यंत्र कुणी विकत घेईना. तो इंग्लंडला गेला, तिथेही हात रिकामाच. परतला तेव्हा बायको क्षयाने अंथरुणाला खिळलेली. ती गेली. आणि इकडे आयझॅक सिंगरने 1851 मध्ये सुधारलेले यंत्र बाजारात आणले होते. हाऊने दावा लावला, जिंकला आणि पुढे यंत्रामागे मानधन मिळवून श्रीमंत झाला. पण ती श्रीमंती पाहायला बायको नव्हती.

महात्मा गांधी यंत्रांचे टीकाकार, पण 1924 साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राला अपवाद केले. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत, त्या प्रेमातून हे यंत्र निघाले, असे त्यांचे म्हणणे. बापूंपुढे कोण बोलणार? पण खऱ्या सिंगरने एकाच वेळी एकाहून अधिक संसार थाटले होते आणि त्याची मुले दोन डझनांच्या आसपास भरतात. गांधीजींची ती गोष्ट, माझ्या मते, बिचाऱ्या हाऊला अधिक शोभली असती. त्याची बायको खरोखरच लोकांचे शिवून घर चालवीत होती.

सिंगर कंपनीची खरी करामत मात्र लोखंडात नव्हती. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील. त्याने 1856 च्या सुमारास यंत्र हप्त्याने द्यायला सुरुवात केली. आधी यंत्र घरी न्या, मिळवा, मग फेडा. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ पाहत. धोतर-लुगड्यांचा हा देश. शिवण ती चोळीची आणि बंडीची. तरी यंत्र शिंप्याच्या दुकानातून हळूहळू माजघरात शिरले. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात, 1909 पासून, बायकांना शिकवायच्या विषयांत शिवण होतेच. दाराबाहेर न पडता चार पैसे मिळवण्याची विधवेला तेवढीच एक प्रतिष्ठित वाट होती. म्हाताऱ्या शिंप्याने आत्याला दहा रुपयांचा हप्ता बांधून दिला तेव्हा त्याला क्लार्क वकील ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सतराव्या दिवशी चाक हलले. आधी बोटभर, मग अर्धे, आणि संध्याकाळी पुरे एक वेढा. घरात कुणी नव्हते, नाहीतर मी पेढे वाटले असते.

चाक हाताने हळूहळू फिरवीत आत पाहिले म्हणजे हे यंत्र किती शहाणे आहे ते कळते. सुई तळाला जाऊन केसभर वर येते, तेव्हा तिच्या चपट्या अंगाला दोऱ्याचा लहानसा फास उभा राहतो. नेमक्या त्या क्षणी खालच्या आकड्याचे टोक त्या फासात शिरते आणि वरचा दोरा डबीभोवती फिरवून आणते. टाका पडला. मग सुई कापडाबाहेर आली की, तेव्हाच, दाते वर येऊन कापड एक पाऊल पुढे सरकवतात. सुई आत असताना कापड हलत नाही; कापड हलताना सुई आत नसते.

‘थांब, सरक, थांब’ ही चाल पाहून 1890 च्या दशकात फ्रान्समध्ये लुई ल्युमिएरला फिल्म पुढे सरकवण्याची युक्ती सुचली, असे सांगतात. त्यांचा सिनेमा 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. आणि पुढे आमच्या कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या भावांनी कॅमेरा स्वतःच बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 साली काम अर्धे टाकून गेले; बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून 1918 मध्ये कॅमेरा उभा केला, आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. यंत्र उघडून त्याचे पोट पाहण्याची या गावाची खोड जुनी आहे. माझ्यासारख्या मास्तराला त्याचा धीर वाटला, एवढेच.

धीर हवाच होता. चाकाच्या मधोमध तीन कानांची एक चकती असते; ती मी उलटी बसवली आणि बॉबिन भरताना सुईही नाचू लागली. काढली, फिरवून बसवली, थांबली. चामड्याचा पट्टा आखडून कडक झाला होता, तो नवा आणला. बॉबिनची डबी मात्र गंजून चाळण झालेली. स्कॉटलंडच्या बंद कारखान्याची डबी आता कुठून आणायची, या विवंचनेत मी कोल्हापुरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने जुनी डबी हातात घेतली न घेतली, तोच खणातून नवी काढून ठेवली. लुधियानाची. या घडणीचा मूळ नमुना 1879 चा; हक्कांची मुदत संपल्यावर जगभर त्याच्या नकला झाल्या. महायुद्धानंतर जपानने केल्या, आपल्याकडे कलकत्त्याच्या ‘उषा’ने तोच आराखडा घेतला, आणि सुटे भाग लुधियानात बनू लागले. डबी बसली. जणू तिच्याचसाठी केली होती.

धनत्रयोदशीला मशीन आत्याच्या ओसरीवर नेऊन ठेवले. मी दोरा ओवला, जुन्या धोतराचा तुकडा दाबाखाली घेतला आणि पाय चालवला. वरून टीप सुरेख. उलटून पाहतो तो खाली दोऱ्याचा नुसता गुंता. मी डबीचा स्क्रू आवळला. गुंता तसाच. पुन्हा आवळला.

“खाली काय करतोयस?” आत्या म्हणाली. “खाली घोळ दिसला तर चूक वर असती. दोरा चकत्यांच्या मधी बसलाच न्हाई बघ.”

खरेच, दोरा वरच्या ताणाच्या दोन चकत्यांच्या कडेवर तरंगत होता. तिने मला उठवले, स्वतः बसली. डोळ्यांना आता ओवणे दिसत नाही, तरी बोटांनी दोरा चकत्यांत ओढला, मी आवळलेला स्क्रू नखाने सैल केला, आणि पाय टेकवला. हातभर टीप मारून तिने कापड उलटले आणि अंगठा टाक्यांवरून सावकाश नेला.

“अजून अर्धा आटा,” ती म्हणाली. “आणि त्ये झबल्याचं कापड कुठं ठेवलंय, त्ये दे हिकडं.”