एफए चषक, १८७१–७२

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने भरवलेली पहिली बाद पद्धतीची स्पर्धा. आज चालू असलेल्या फुटबॉल स्पर्धांमध्ये एफए चषक सर्वांत जुना. कल्पना संघटनेचे सचिव चार्ल्स ऑलकॉक यांची. हॅरो शाळेत वसतिगृहांमध्ये ‘हरला तो बाहेर’ या तत्त्वावर सामने होत, ते त्यांच्या डोक्यात होते. २० जुलै १८७१ रोजी लंडनमध्ये ‘द स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत त्यांनी प्रस्ताव मांडला.

पंधरा संघांनी नावे दिली. तिघांनी मैदानात न उतरताच माघार घेतली. पहिले सामने ११ नोव्हेंबर १८७१ रोजी झाले. त्या काळी गोलखांबांवर आडव्या दांडीऐवजी फीत बांधत, पेनल्टी नव्हती आणि प्रत्येक गोलनंतर संघ बाजू बदलत. बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना पुढे चाल देण्याची मुभाही होती. ‘बाद’ हा शब्द या मोसमात जरा सैलच वापरावा लागतो.

ग्लासगोचा क्वीन्स पार्क एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत पोहोचला. लंडनच्या प्रवासासाठी ग्लासगोत वर्गणी गोळा झाली होती. तिथे लंडनच्या वाँडरर्स संघाशी केनिंग्टन ओव्हल या क्रिकेटच्या मैदानावर गोलशून्य बरोबरी झाली. पण फेरलढतीसाठी लंडनची दुसरी खेप परवडणारी नसल्याने स्कॉटिश संघाने नाव मागे घेतले. अंतिम सामन्याआधी वाँडरर्सने खेळून जिंकलेला सामना एकच, क्लॅपहॅम रोव्हर्सविरुद्धचा. बाकी पुढे चाल किंवा बरोबरी.

अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलवरच झाला. एक शिलिंग मोजून सुमारे दोन हजार प्रेक्षक आले. पारडे वाँडरर्सच्या प्रतिस्पर्ध्याचे, रॉयल एंजिनियर्स या लष्करी संघाचे, जड मानले जात होते. सुरुवातीलाच त्यांच्या लेफ्टनंट एडमंड क्रेसवेल यांचे गळ्याचे हाड मोडले. बदली खेळाडूची सोय नव्हती. क्रेसवेल शेवटपर्यंत मैदानात राहिले. सामन्यातला एकमेव गोल वाँडरर्सच्या मॉर्टन बेट्स यांचा. त्यांचे सहकारी व्हिडाल यांनी चेंडू पायात खेळवत नेऊन ती संधी तयार केली होती. बेट्स ‘ए. एच. चेकर’ या टोपणनावाने खेळत होते. हे नाव हॅरो चेकर्सवरून घेतलेले; तो माघार घेतलेल्या संघांपैकी एक. वाँडरर्सचे कर्णधार खुद्द ऑलकॉक. त्यांचा एक गोल चेंडूला हात लागल्याने बाद ठरला, म्हणजे स्पर्धेच्या जनकालाही नियमातून सूट मिळाली नाही.

एंजिनियर्सचे हेन्री रेनी-टेलयुअर यांचा जन्म मसुरीचा. भारतातही अशा स्पर्धांचा आरंभ लष्कराच्याच वर्तुळात झाला: १८८८ मध्ये सिमल्यात ड्युरँड चषक, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक.

विजेत्याला पुढच्या मोसमात थेट अंतिम सामन्यात प्रवेश होता. वाँडरर्सने १८७३ मध्ये तो एकच सामना खेळून ऑक्सफर्ड विद्यापीठाला २–० असे हरवले आणि चषक राखला. त्यानंतर ही सवलत बंद झाली.