साहेबाची मराठी, सिस्टरची इंग्रजी

कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा याव्यात म्हणून इ.स. १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथे विल्यम केरी बंगालीबरोबर मराठीही शिकवू लागला. त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले. म्हणजे नोकरीसाठी भाषेची परीक्षा त्या काळी साहेब देत होता! १८४४ साली हार्डिंगच्या ठरावाने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम मिळाला आणि परीक्षेच्या बाकावर आम्ही येऊन बसलो.

आज अहिल्यानगर (आमच्या तोंडी अजून नगरच) जिल्ह्यातील परिचारिका भगिनी परदेशी नोकरीसाठी 'ओईटी'ची तयारी करतात. आरोग्यसेवकांची ही परीक्षा १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आकारास आली. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने ती २०१७ साली मान्य केली. श्रवण, वाचन, लेखन, संभाषण ही तिची चार अंगे. लेखनात रुग्णाची टिपणे वाचून ४५ मिनिटांत पत्र लिहावयाचे. संभाषणात समोरचा माणूस रुग्ण वा नातेवाईक होतो.

ही रचना आम्हास न्याय्य वाटते. तिच्यात शेक्सपिअर विचारीत नाहीत. अडचण निराळीच आहे. 'जीव घाबरा होतोय', 'पोटात कालवतंय' हे राहुरीकडच्या आजीचे बोल जिला तत्काळ उमगतात, तिला इंग्रज आजीचे तसलेच बोल कोणत्या व्याकरणात सापडावेत? केरीने हे ओळखले होते. १८०१ साली त्याने बंगालीत संवादांचे पुस्तक काढले. त्यात मजूर, कोळी, भांडणाऱ्या बायका आपापल्या भाषेत बोलतात. आमच्या मुलींच्या हाती मात्र अजून शब्दांच्या याद्याच पडतात.