“सिस्टर” ह्या हाकेचा इतिहास

रुग्णालयांत पाऊल टाकतांच आपण परिचारिकेस “सिस्टर” म्हणून हाक मारतों. ही हाक मठांतून आली आहे. युरोपांत शतकानुशतकें रुग्णसेवा व्रतस्थ भगिनींच्या हातीं होती. पुढें ती वेतनाचा व्यवसाय झाली, तरी नांव तेंच राहिलें. नांवाबरोबर अपेक्षाही राहिली, कीं हिनें थकूं नये, कांहीं मागूं नये. मठांतील भगिनीस मात्र छप्पर, अन्न व सोबतिणींचा आधार असे. वेतनावरील परिचारिकेस ह्यांपैकीं काय लाभलें, हें वाचकांनींच पाहावें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग उद्भवला. तो प्रथम ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय कॅथलिक वैद्यानें, आणि तोही तेथील मांडवी भागांत. (रत्नागिरीच्या आपल्या मांडवीची ती नामभगिनीच.) अशा साथींनीं शिकलेल्या परिचारिकांची निकड दाखवून दिली, संख्या मात्र तोकडीच राहिली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत साऱ्या देशांत सुमारें ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक, अशी गणना आहे. त्यांची राहण्याची व कामाची स्थिति शोचनीय असल्याचेंही समितीनें नमूद केलें. इतक्या थोड्या हातांवर एवढा भार पडल्यास शरीराआधीं मन खचतें, हें सांगावयास समिती कशास हवी?

ह्या इतिहासाचें सर्वांत दुःखद पान परळच्या केईएम रुग्णालयांतलें आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथील परिचारिका अरुणा शानबाग ह्या काम आटोपून गणवेश बदलण्यास तळघरांत गेल्या. तेथें एका सफाई कामगारानें त्यांच्यावर अमानुष हल्ला केला. त्या पुन्हां कधींच शय्येवरून उठल्या नाहींत. मुंबईच्या परिचारिकांनीं संप पुकारला. अरुणाबाईंसाठीं न्याय आणि स्वतःसाठीं कामाची सुरक्षित जागा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. वस्त्रें बदलावयास निर्भय खोली ही कांहीं चैन नव्हे.

पुढें अरुणाबाईंना तेथून हलविण्याचे प्रयत्न झाले. ते ह्याच परिचारिकांनीं हाणून पाडले. हल्ल्याच्या वेळीं जन्मल्याही नव्हत्या अशा मुलींनीं ती सेवा पुढें चालविली. २०११ सालीं त्यांच्या मरणाची परवानगी मागणारा अर्ज फेटाळतांना सर्वोच्च न्यायालयानें ह्या शुश्रूषेची वाखाणणी केली. १८ मे २०१५ रोजीं अरुणाबाई निवर्तल्या.

पुढच्याच वर्षीं, त्याच न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनें खासगी रुग्णालयांविषयीं मत दिलें: ५० खाटांहून लहान ठिकाणींही परिचारिकेचें वेतन दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावें, रजा, कामाचे तास, निवास व येण्याजाण्याची सोय सरकारी परिचारिकांप्रमाणें असावी. ही केवळ शिफारस होती. तिला कायद्याचें बळ नव्हतें.