आजोबांची वामकुक्षी

२०२४च्या मे महिन्यात आगाशीच्या एका मित्राने घरी सुकेळी आणून दिली. ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगतो: राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून ठेवायची. वरून साखरेचा एक कण घालावा लागत नाही. वसईला साखरेचं तसंही नवल नाही. इथल्या बागायतीत ऊस व्हायचा, आणि इंग्रजांच्या काळात लिटलवूड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने तर थेट वसईच्या किल्ल्यात साखरेचा कारखाना काढला होता. पण माझं मत विचाराल तर वसईच्या गोडव्याची परमावधी सुकेळ्यातच आहे.

मी दोन खाल्ली. माझं गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते, १३४ किलोंचा मी ९८वर आलो होतो आणि दोन केळ्यांनी काय होतंय, असं मला वाटलं. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली. मनगटावरचं घड्याळ १३२ ठोके दाखवत होतं. अंगाला दरदरून घाम, पोटात गुडगुड आणि कळा, डोळ्यांपुढे अंधारी. मी स्वयंपाकघराच्या फरशीवरच आडवा झालो. आईला हार्ट अटॅकची शंका आली. तिने डॉक्टरांना फोन लावला, तर ते शांतपणे म्हणाले, "काय गोड खाल्लं? डंपिंग झालंय. पडून राहू दे."

वसई-विरारमध्ये डंपिंग म्हटलं की माणसाला गोखिवऱ्याचं डंपिंग ग्राउंड आठवतं. आईलाही तेच आठवलं. मी तिला समजावून सांगत होतो तेव्हा आतल्या खोलीतून आजी म्हणाली, "हेसुद्धा असेच आडवे व्हायचे, जेवून उठले की."

हे म्हणजे माझे आजोबा. ते २०१० साली गेले, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. गिरणीत कामाला होते. १९८२च्या संपानंतर परळची खोली सोडून विरारला आले. त्यांच्या काही सवयी आमच्या घरात दंतकथेसारख्या सांगितल्या जातात. जेवताना पाण्याचा थेंब घेत नसत. तांब्या भरून ठेवायचा, पण तो अर्ध्या तासाने. ताटात आधी मासळी नाहीतर उसळ संपवायची, भात शेवटी आणि तोही मूठभर. चहा बिनसाखरेचा. जेवण झालं की कुणी पाहुणा बसलेला असो नाहीतर दारात पोस्टमन उभा असो, अर्धा तास चटईवर आडवे. आम्ही याला वामकुक्षी म्हणायचो. आणि सत्यनारायणाचा प्रसाद चिमूटभर जिभेवर ठेवून बाकीचा द्रोण आम्हा मुलांच्या हातात द्यायचे. आम्हाला वाटायचं, आजोबा किती प्रेमळ.

आजीचं मत वेगळं होतं. तिच्या हाताला गोडाची चव आहे, असं सगळी चाळ म्हणे. पण स्वतःच्या नवऱ्याने तिची बासुंदी, तिच्या पुरणपोळ्या कधी नीट खाल्ल्या नाहीत. "माझ्या हातचं गोड ह्यांना कधी गोड लागलंच नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याला विनोदाचा सूर असे, पण तो पूर्ण विनोद नव्हता.

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुनी रेशनकार्डं, युनियनच्या पावत्या आणि एका हॉस्पिटलचा पिवळा पडलेला केसपेपर होता. साल १९७१. निदान: ड्युओडेनल अल्सर. त्याखाली ऑपरेशनच्या रकान्यात चारच अक्षरं: 'टीव्ही + जीजे'. माझ्या बाबांनी लहानपणी हे वाचून आजोबांच्या पोटाचा टीव्हीशी काय संबंध, असं विचारलं होतं म्हणे.

टीव्ही म्हणजे ट्रंकल वेगोटॉमी. जठराला आम्ल तयार करायचा हुकूम देणारी व्हेगस नावाची नस कापून टाकायची. शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी १९४३मध्ये अल्सरवर हा उपाय सुरू केला. पण नस कापली की जठराची हालचालही मंदावते, अन्न पुढे सरकत नाही. म्हणून जोडीला जीजे, म्हणजे गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी: जठराला एक नवं दार पाडून ते थेट लहान आतड्याला जोडायचं. हे दार जुनं, १८८१ सालचं. त्या वर्षी जानेवारीत व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कॅन्सरग्रस्त भाग कापून उरलेलं जठर यशस्वीपणे जोडलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे सहायक अँटोन वोल्फलर यांनी जठर आणि आतडं यांच्यात ही आडवाट काढली. पुढची नव्वद वर्षं जगभरच्या अल्सरवाल्यांची पोटं याच दोघांच्या कल्पनांवर शिवली गेली.

आता जठराला मुळात एक दार असतंच. पायलोरस नावाचा स्नायूचा कडा खालच्या तोंडाशी बसलेला असतो आणि अन्न दळून, पातळ करून, थोडं थोडं पुढे सोडतो. मी सर्व्हरवर काम करणारा माणूस असल्याने मला तो रेट लिमिटर वाटतो. आजीला मी नळावरच्या रांगेचं उदाहरण दिलं. आडवाट काढली की ही रांग मोडते.

मोडलेल्या रांगेचे परिणाम सर्जनना लवकरच दिसू लागले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे आर्थर हर्ट्झ यांनी १९१३मध्ये लिहिलं की, या ऑपरेशननंतर काही रुग्णांना जेवल्यावर जो त्रास होतो, तो जठर फार वेगाने रिकामं होत असल्यामुळे होतो. (पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणारं आडनाव अडचणीचं झालं, म्हणून ते पुढे हर्स्ट झाले. पोटाच्या डॉक्टरांना ते त्याच नावाने ठाऊक आहेत.) १९२२मध्ये शिकागोच्या चार्ल्स मिक्स यांनी अशाच जठराला 'डंपिंग स्टमक' म्हटलं. ट्रकने मागचं फाळकं उघडून रेती ओतावी तसं. नाव चिकटलं.

पण ओतल्याने धडधड का व्हावी? याचं उत्तर मिळायला आणखी सत्तावीस वर्षं गेली. १९४९मध्ये थॉमस माशेला यांनी दाखवलं की, साखरेचं घट्ट द्रावण थेट लहान आतड्यात सोडलं की हीच लक्षणं उभी राहतात. मोरावळा करताना आवळ्यावर साखर घातली की काय होतं, ते आठवा. आवळ्याला पाणी सुटतं. आतड्यात घट्ट साखर पडली की रक्तातलं पाणी तसंच आतड्याकडे ओढलं जातं. आतडं फुगतं, रक्ताचं आकारमान घटतं, हृदय ते भरून काढायला धावतं. आतड्यातून सुटणारी संप्रेरकं त्यात भर घालतात. हे लवकरचं डंपिंग, दहा मिनिटं ते अर्ध्या-एक तासातलं. आडवं झालं की बरं वाटतं, कारण उरलेलं रक्त डोक्याकडे पोचायला सोपं जातं आणि जठरही जरा सावकाश रिकामं होतं. जेवणाबरोबर पाणी घेतलं की ओतणं वाढतं, म्हणून तांब्या अर्ध्या तासाने. प्रथिनं आधी, भात नंतर. माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिलेल्या छापील कागदावर हेच नियम होते. गिरणीतल्या एका जॉबरने ते १९७१पासून चटईवर पाळले होते.

उशिराचं डंपिंग हा वेगळा प्रकार. साखर एकदम रक्तात चढते, तिला आवरायला शरीर इन्सुलिनचा मारा करतं, आणि तासा-तीन तासांनी साखर गरजेपेक्षा खाली कोसळते. मला ते एकदाच झालं, पण विरार लोकलमध्ये. सकाळी एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा पेढा खाल्ला होता. भाईंदरच्या खाडीवर हात थरथरायला लागले आणि आपण कुठल्या स्टेशनला उतरतो, हे मला आठवेना. गंमत पाहा, यावर तातडीचा उपाय साखरच. थोडी ग्लुकोज आणि पाठोपाठ चणे-शेंगदाण्यासारखं काहीतरी, नाहीतर झोका पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली येतो. या माऱ्यामागे जीएलपी-१ नावाच्या संप्रेरकाचा मोठा हात असतो. २०२५मध्ये वजन उतरवायची जी इंजेक्शनं भारतात आली आणि ज्यांच्याबद्दल आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज चर्चा असते, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. बायपासनंतर मधुमेह सुधारतो, त्यातही त्याचा वाटा आहे.

तर हा आजार खरं म्हणजे इतिहासजमा व्हायच्या वाटेवर होता. १९७६मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आलं. जठरातलं आम्ल आता गोळीने आटोक्यात येऊ लागलं. १९८२मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना अल्सरवाल्यांच्या जठरात वळसेदार जिवाणू सापडले. १९८४मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचा पेला स्वतः पिऊन दाखवला आणि २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सरची कारणं म्हणून तोवर काळजी, मिरची, चहा, जागरण आणि पाळ्या यांना धरलं जायचं. आजोबांकडे पाचही होती. ते ऑपरेशन दहा-पंधरा वर्षांनी करायची वेळ आली असती, तर बहुधा गोळ्यांवर भागलं असतं. अल्सरची ऑपरेशनं ओसरली आणि डंपिंग हा शब्द पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानांत गेला.

तिथून तो परत आला तो वेगळ्या दारातून. आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी एक गोष्ट टिपली होती: अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढत नाही. अल्सरवाल्यांसाठी जी तक्रार होती, ती लठ्ठ माणसासाठी उपचार का होऊ नये? १९६६मध्ये मेसन आणि चिकाशी इटो यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. आज माझ्या पोटात आहे ती 'वाय' आकाराची जोडणी स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. म्हणजे मी इंग्रजी वायच्या एका फाट्यावर जगतो आणि आजोबा एका जुन्या आडवाटेवर जगले, एवढाच फरक.

फरक खरा पडला तो अर्थात. अल्सरच्या काळात डंपिंग ही गुंतागुंत होती, सर्जनला तिची थोडी लाज वाटे. लठ्ठपणाच्या काळात ती पहारेकरी झाली. १९८७मध्ये अमेरिकेतल्या हार्वी शुगरमन (आडनाव खरंच हेच आहे) आणि सहकाऱ्यांनी बायपासची तुलना फक्त जठर आवळणाऱ्या एका ऑपरेशनशी केली आणि रुग्णांची गोडखाऊ व बिगर-गोडखाऊ अशी विभागणी केली. आवळलेल्या जठरातूनही मिल्कशेक आरामात उतरतो. गोडखाऊंचं वजन बायपासने जास्त उतरलं. त्याचं श्रेय डंपिंगच्या धाकाला दिलं गेलं. तेव्हापासून ऑपरेशनआधी 'गोड खाता का?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असं देणारा माणूस मला दाखवा.

मलाही सांगितलं गेलं, "डंपिंग तुमचा मित्र आहे, तो तुम्हाला शिस्त लावेल." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण फरशीवर पडलेलो असताना मला जे वाटलं ते शिक्षेसारखं होतं, आणि वाईट म्हणजे ती योग्यच आहे असं वाटलं. लहानपणापासून जाड मुलाला जे ऐकवलं जातं, त्यावर माझ्याच आतड्याने शिक्का मारला. पुढचे तीन आठवडे मी भीतीने जेवणच कमी केलं, प्रथिनंसुद्धा, आणि केस गळायला लागले. नंतर वाचताना कळलं की, पुढच्या अभ्यासांत या पहारेकऱ्याची कर्तबगारी काही सिद्ध झाली नाही. ज्यांना जास्त डंपिंग होतं त्यांचं वजन जास्त उतरतं, असं दिसलं नाही. पुष्कळांना ते होतच नाही आणि तरी त्यांचं वजन उतरतं. डंपिंग सद्गुणी माणसालाही होतं. आमटीत आईने सवयीने टाकलेला गूळ, आजारी माणसाची म्हणून दिलेली भाताची पातळ पेज, कोकम सरबत, कशानेही. त्यात माणसाच्या चारित्र्याचा संबंध नाही. दाराचा आहे.

आजोबांना हा फरक कुणी सांगितला होता का? केसपेपरच्या मागे निळ्या शाईत मराठीत तीन ओळी आहेत: थोडे थोडे खाणे. गोड वर्ज्य. जेवणानंतर पडणे. कारण लिहिलेलं नाही. त्या काळी ते रुग्णाला सांगायची पद्धत नसावी, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी घरी येऊन बायकोला आतड्याबद्दल काही बोलणं मला कल्पनेतही जमत नाही. त्यांनी ते नियम पाळले आणि स्वभाव म्हणून खपवले.

मागच्या गणपतीत मी आजीला हे सगळं सांगितलं. केसपेपर दाखवला, नळावरची रांग पुन्हा समजावली, आवळ्याचं उदाहरण दिलं. ती मोदकाच्या पाऱ्या करत होती. म्हणाली, "म्हणजे आवडत होतं त्यांना?"

मी म्हटलं, "चिमूटभर घ्यायचे ना प्रत्येक वेळी. नसतं आवडत तर तेवढंही कशाला घेतलं असतं? त्यांना ते सोसत नव्हतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. दोन मोदक झाले. मग म्हणाली, "एकोणचाळीस वर्षं. एकदा सांगायचं ना मग." आणि सारणाची वाटी माझ्यापासून लांब सरकवली. थोड्या वेळाने त्यातलं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं.